वर थांबलेला माणूस

"अठरा पॉइंट सहा," मीटरवरचा प्राणवायूचा आकडा नाथाजीनं मोठ्यानं वाचला आणि दोरीला बांधलेलं ते मीटर टाकीच्या तोंडातून वर ओढून घेतलं. "आजून न्हाई उतरायचं, साहेब."

शंभूराज साहेबांनी घड्याळाकडे पाहिलं. साडेनऊ वाजून गेले होते. मे महिन्याचं ऊन आत्ताच पत्र्यावर तापायला लागलं होतं. गळीत हंगाम संपून महिना झाला होता, साखर कारखान्याची चिमणी गप्प होती आणि पावसाच्या आत दुरुस्तीची सगळी कामं उरकायची जबाबदारी साहेबांच्या डोक्यावर होती. डिस्टिलरीच्या मागची ही सांडपाण्याची बंद टाकी त्या यादीत शेवटून दुसरी. चौदा फूट खोल, तळाला गुडघाभर गाळ आणि वर माणसाचे खांदे जेमतेम जातील एवढं गोल तोंड.

पंखा तासभर चालू आहे, अजून किती वेळ घालवायचा, असं साहेबांनी विचारलं. मागच्या वर्षी याच टाकीत अर्ध्या तासात माणसं उतरली होती, हेही सांगून पाहिलं.

"मागल्या वर्षीचं मागल्या वर्षी झालं," नाथाजी म्हणाला. "मीटर आजचं हाय. साडेएकोणीसच्या वर गेल्याबिगार मी सही करनार न्हाई. तुमी करत असला तर करा, मी ऱ्हातो बाजूला."

साहेब सही करणार नाहीत हे दोघांनाही माहीत होतं. ते चहा घ्यायला निघून गेले. नाथाजीनं पंख्याची पिवळी नळी आणखी दोन हात आत सोडली आणि टाकीच्या तोंडाशी पालथ्या बादलीवर बसला.

नाथाजी मोहित्याचं वय त्रेपन्न. सांगलीजवळच्या हरिपूरचा. पोरगा सैन्यात, बायको शालन घरी, दोन म्हशी. कारखान्यात तो बॉयलरला हेल्पर म्हणून लागला आणि वीस वर्षं तिथंच राहिला. नऊ वर्षांपूर्वी कारखान्यानं ठरवलं की कुठल्याही बंद टाकीत माणूस उतरला की वर एक शिकवून तयार केलेला माणूस थांबलाच पाहिजे. तेव्हा सगळ्या खात्यांत विचारणा झाली. कुणीच तयार होईना. काम कसलं, तर नुसतं बसायचं. आत माणूस असेपर्यंत तिथून हलायचं नाही, पाणी प्यायला जायचं नाही, फोन घ्यायचा नाही, कुणी बोलावलं तरी उठायचं नाही. आणि सगळ्यांत मोठा नियम म्हणजे आत काहीही झालं तरी आपण उतरायचं नाही. नाथाजीनं आपणहून हात वर केला.

बसायची नोकरी मिळाली म्हणून लोकांनी चेष्टा केली, तो गालात हसला. चेष्टा वाढली ती त्यानं सराव सुरू केल्यावर. दोन पोत्यांत वाळू भरून त्यानं साठ किलोचा एक माणूस शिवला, त्याला जुना युनिफॉर्म घातला आणि दर तीन महिन्यांनी तो टाकीत सोडून वर ओढायला लागला. तोंडावर तीन पायांची घोडी, तिच्यावर हातानं फिरवायचं दोरखंडाचं चक्र, आणि दोरखंडाचं टोक त्या वाळूच्या माणसाच्या पट्ट्याला. कामगार त्याला 'नाथाजीचा पाहुणा' म्हणत. पाहुणा आज जेवला का, असं येता-जाता विचारत. पहिल्या सरावात पाहुण्याला वर यायला अकरा मिनिटं लागली होती, कारण पाठीच्या कडीनं ओढल्यामुळे तो तिरका झाला आणि तोंडात खांदा अडकला. त्या दिवसापासून नाथाजीनं दोन्ही खांद्यांवर कड्या असलेल्या पट्ट्यांसाठी स्टोअरच्या मागं लकडा लावला. वर्षभर. माणूस सरळ उभाच्या उभा वर यायला पाहिजे, एवढं एकच वाक्य तो दर सोमवारी तिथं जाऊन बोले. शेवटी पट्टे आले. गेल्या सरावाला पाहुणा पावणेतीन मिनिटांत वर आला होता.

राजेश्वरी मॅडम कारखान्याच्या सुरक्षा अधिकारी. वय अठ्ठावीस, कॉलेजातून शिकून आलेल्या. त्या नवीन असताना नाथाजीनं त्यांना सांगितलं होतं की आमच्या गावाकडं खड्ड्यात उतरण्याआधी कंदील सोडत्यात, विझला न्हाई म्हंजी हवा चांगली. मॅडमनी नीट ऐकून घेतलं होतं. मग त्या म्हणाल्या होत्या की कंदील प्राणवायूचं खरं सांगतो, पण विषाचं सांगत नाही. इथल्या गाळातून निघणारा वायू कंदील जळत असतानाही माणूस पाडतो. नाथाजीनं ते लगेच मानलं. कंदिलाचं खरंखोटं त्याला पुस्तकातून कळलेलं नव्हतं.

नाथाजीच्या तरुणपणी हरिपुरात हळदीची पेवं होती. नदीकाठच्या मातीत खणलेली वीस-पंचवीस फूट खोल कोठारं, तोंड अरुंद आणि पोट मोठं. हळद भरून वरून माती लिंपली की वर्षानुवर्षं तिला कीड लागत नसे. आत हवाच उरत नसे, म्हणून कीड जगत नसे, आणि त्याच कारणानं माणूसही जगला नसता. पेव उघडलं की एक दिवस तसंच ठेवायचं, मग कंदील सोडायचा, मगच हमालानं उतरायचं, अशी रीत होती. नाथाजीचा थोरला भाऊ ज्योतिबा या कामातला. नाथाजी त्याच्या हाताखाली.

त्या साली एक पेव निम्मं रिकामं करून मध्येच पाऊस आला म्हणून आठ दिवस पुन्हा झाकून ठेवलं होतं. नवव्या दिवशी सकाळी उघडलं. रस्त्यावर ट्रक उभा होता, आभाळ परत भरून आलं होतं. आठच दिवसांत काय होतंय, असं कुणीतरी म्हणालं. कंदील शेडमध्ये होता, तो आणायला कुणी गेलं नाही. पहिला हमाल उतरला आणि दमलेला माणूस बसतो तसा तळाशी खाली बसला. चक्कर आली असंल, आणतो त्याला, असं म्हणून ज्योतिबा उतरला. त्यानं हमालाच्या काखेत हात घातला आणि तोही त्याच्या शेजारी बसला.

नाथाजीनं हाक मारली. उत्तर आलं नाही. त्यानं एक पाय आत सोडला. मग त्याला ज्योतिबाचं तोंड दिसलं. ते वर वळलेलं होतं, डोळे उघडे होते, पण त्याच्याकडे बघत नव्हते.

नाथाजीनं पाय बाहेर काढला.

मग तो पेवाच्या तोंडावर आडवा बसला आणि ओरडत राहिला. माणसं धावत आली. तिघांनी उतरायचा प्रयत्न केला, त्यानं कुणालाही उतरू दिलं नाही. एकानं त्याच्या तोंडात मारली, तरी तो हलला नाही. अग्निशमनची गाडी आली तोपर्यंत दोन मढी काढण्यापलीकडे काही उरलं नव्हतं. गावात बोलणं झालं ते एवढंच की भाऊ आत मेला आणि हा वर बसून राहिला.

आपण उतरलो असतो तर तिसरं मढं निघालं असतं, हे नाथाजीला तेव्हाही कळत होतं. त्याबद्दल त्यानं कुणाशी वाद घातला नाही आणि स्वतःशीही घातला नाही. त्याला सलत राहिली ती दोरी. पोती ओढायची चांगली जाड दोरी तोंडाशीच वेटोळं करून पडली होती. ती ज्योतिबाच्या कमरेला असती तर दोन माणसांनी त्याला वर घेतला असता. एवढं साधं होतं.

ज्योतिबाची बायको रंगूबाई तेव्हा तेवीस वर्षांची होती, कडेवर दीड वर्षाची मुलगी. ती माहेरी गेली नाही. एकाच अंगणात दोन दारं झाली. नाथाजीनं पुतणीची शाळा केली, लग्न करून तिला कवठे महांकाळला दिली. पेवं पुढं महापुरात ढासळली आणि हळद शीतगृहात गेली. रंगूवहिनी त्याच्याशी म्हशींबद्दल बोले, पाण्याबद्दल बोले, दुखण्याखुपण्याला काढा करून देई. त्या दिवसाबद्दल तिनं कधी एक शब्द विचारला नाही. त्यानंही सांगितला नाही. असं करत एकोणतीस वर्षं गेली.

अकरा वाजता मीटरनं वीस पॉइंट सात दाखवलं. विषारी वायूचा आकडा शून्य. नाथाजीनं वर, मध्ये आणि तळाला असं तीन वेळा मोजलं. राजेश्वरी मॅडम आल्या, त्यांनी स्वतः एकदा बघितलं, कागदावर सही केली आणि बॉयलरकडे गेल्या. 'बाहेर थांबणारा' असं छापलेल्या ओळीवर नाथाजीनं आपली सही केली.

उतरणार होता धुळा. जत तालुक्यातल्या कर्नाटकच्या शिवेवरचा, पस्तिशीचा, अंगानं काटक. घरी मेंढरं होती, पण यंदा चारापाणी सरल्यावर ती चुलत्याकडे सोपवून तो धाकट्या भावाला, बिराला, घेऊन ठेकेदाराकडे कामाला आला होता. बिरा वरून गाळाच्या बादल्या ओढणार होता. नाथाजीनं धुळाला पट्टे घातले, एकेक बक्कल ओढून पाहिलं, खांद्याच्या दोन्ही कड्यांना दोरखंडाचे हूक लावले. बैल जुंपल्यासारखं वाटतंय मामा, असं धुळा म्हणाला. नाथाजीनं छातीवरचं लहान मीटर चालू केलं आणि त्याला विचारलं, हे वाजलं तर काय करायचं. बाहेर यायचं, धुळा म्हणाला. खोरं? खोरं तिथंच टाकायचं. आणि शिट्टी ऐकली तर? तरी बाहेर यायचं. नाथाजीनं त्याच्याकडून हे तीनदा म्हणवून घेतलं, तेव्हा कुठं त्याला शिडीवर पाय ठेवू दिला.

काम चांगलं चाललं. धुळा खोऱ्यानं बादली भरी, बिरा ओढी. दोघं भाऊ आपसात कानडी बोलत, मध्येच मराठीत नाथाजीला काही सांगत. नाथाजी बोलत नव्हता. त्याचा एक हात दोरखंडावर होता. धुळा पुढं गेला की तो दोरखंड सोडी, मागं आला की ओढून घेई, ढील कधी पडू देत नव्हता. पाऊण तासात बाविसाव्या बादलीपर्यंत मजल गेली.

आणि पंख्याचा आवाज बंद पडला.

वीज गेली की काय, हे नाथाजीनं पाहिलं नाही. त्यानं आधी शिट्टी मारली, लांब, दोनदा. धुळानं वर बघितलं, खोरं टाकलं आणि शिडीकडे वळला. सगळं शिकवल्यासारखं केलं त्यानं. पण शिडीपर्यंत चार पावलं होती आणि प्रत्येक पावलाला तळचा जुना गाळ ढवळला जात होता. गाळावर फुगे आले. त्याच्या छातीवरचं मीटर किंचाळायला लागलं. एक पायरी चढला, दुसरीवर हात ठेवला, आणि तो हात सैल झाला. तो मागं कलला. दोरखंड ताणलेला होता म्हणून त्याचं तोंड गाळात गेलं नाही. खांद्याच्या कड्यांना तो लोंबकळत राहिला, मान पुढं पडलेली.

नाथाजीनं वॉकीटॉकी तोंडाशी धरली. "टाकी नंबर दोन. मानूस बेसुद. गाडी पाठवा." आवाज रोजच्यासारखाच होता.

तेवढ्यात बिरानं हातातली बादली टाकली होती. "अण्णा," एवढंच ओरडून तो आला आणि त्यानं एक पाय टाकीच्या तोंडात घातलाही. नाथाजीनं त्याचा कमरेचा पट्टा मागून धरला आणि सगळा भार टाकून त्याला खेचला. दोघंही पत्र्यावर पडले. बिरा तीस वर्षांचा, ताकदीचा. तो उठून पुन्हा धावणार होता.

"सोड मामा. भाऊ हाय त्यो माजा."

"म्हाईत हाय," नाथाजी म्हणाला. त्यानं बिराचं मनगट धरून त्याचा हात चक्राच्या दांड्यावर ठेवला, दुसरा हातही ठेवला आणि त्यावर आपला पंजा दाबला. "भाऊ पायजे न्हवं तुला? मग ह्ये फिरव. मोठ्यांदा मोजत फिरव. थांबायचं न्हाई."

बिरानं एक क्षण त्याच्याकडे बघितलं. मग दांडा फिरला. "ओंदु," तो म्हणाला. "येरडु. मूरु."

नाथाजीनं शेजारी तयार ठेवलेला हवेचा सिलिंडर पाठीवर टाकला आणि मुखवटा तोंडावर ओढला. हे त्यानं इतक्या वेळा केलं होतं की पट्टे कुठं आहेत ते बोटांनाच ठाऊक होतं. मग तो तोंडाच्या कडेला पालथा झोपला. खालून धुळा वर येत होता, हळू, पण सरळ, उभाच्या उभा. लोक धावत येत होते. एक जण वाकून आत बघायला लागला, नाथाजीनं पालथ्याच हातानं त्याच्या छातीवर धक्का देऊन त्याला मागं ढकललं. मुखवट्यातून बोलता येत नव्हतं. बिरा मोजत होता. कानडी आकडे एकामागून एक येत होते, मध्ये आवाज फाटत होता, पण आकडा चुकत नव्हता आणि दांडा थांबत नव्हता.

साठाच्या पुढं कुठंतरी धुळाचं डोकं उजेडात आलं. नाथाजीनं दोन्ही हातांनी त्याचे खांदे आत घेतले. तोंडाच्या कडेला एक खांदा लागला, सुटला, आणि माणूस बाहेर आला. वाऱ्याच्या वरच्या बाजूला त्याला नेऊन निजवलं. राजेश्वरी मॅडम बॉयलरकडून धावत आल्या होत्या. धुळाचा श्वास चालत नव्हता. त्यांनी त्याच्या तोंडावर रबरी फुगा लावला आणि दाबायला सुरुवात केली. दाबत होत्या, सोडत होत्या. मग धुळा खोकला. अंगातून काहीतरी ओढून काढल्यासारखा खोकला, कुशीवर वळला आणि ओकला.

पंखा बंद पडल्यापासून इथपर्यंत चार मिनिटं झाली होती, असं मॅडमनी नंतर कागदावर लिहिलं.

बिरा चक्रापाशीच उभा होता. दोरखंडाला आता काही नव्हतं, तरी त्यानं दांडा घट्ट धरून ठेवला होता. नाथाजीनं जाऊन त्याची बोटं एकेक करून सोडवली. "झालं आता," तो म्हणाला. "जा. गाडीत बस त्येच्याबरोबर."

ॲम्ब्युलन्स सांगलीकडे गेली. गर्दी तिच्यामागं फाटकापर्यंत गेली. नाथाजी परत टाकीपाशी आला, कारण टाकी उघडी होती आणि झाकण बसेपर्यंत त्याचं काम संपत नव्हतं. झाकण दोन माणसांचं. शंभूराज साहेब आले, त्यांनी दुसरी बाजू धरली आणि दोघांनी मिळून ते बसवलं. साहेब तिथंच पत्र्यावर बसले, इस्त्रीच्या पँटसकट, आणि नाथाजीनं त्यांना आपल्या बाटलीतलं पाणी दिलं.

चौकशीत निघालं ते असं. पलीकडच्या खात्यात कुणी मोटर बदलायला घेतली होती आणि त्यासाठी एक स्विच पाडला होता. पंखा त्याच लाईनवर आहे हे पाडणाऱ्याला माहीत नव्हतं. मॅडमनी नाथाजीला विचारलं की तुमचं काही म्हणणं आहे का. नाथाजी म्हणाला, चूक त्या पोराची न्हाई. त्या स्विचला कुलूप पायजे हुतं आणि ते मी मागायला पायजे हुतं, नऊ वर्सांत माज्या ध्यानात आलं न्हाई. हवेची सगळी काळजी घेतली, पंख्याला वीज कुठनं येती ते बघितलंच न्हाई. आता कुलूप लावायचं आणि माणूस आत असेपर्यंत किल्ली माज्या खिशात ऱ्हाईल. मॅडमनी ते जसंच्या तसं लिहून घेतलं. आठवड्याच्या आत कुलूप आलं. या वेळी स्टोअरच्या मागं लागावं लागलं नाही.

धुळा चार दिवस दवाखान्यात होता. नाथाजी भेटायला गेला तेव्हा तो कॉटवर बसून पेज पीत होता. आवाज अजून बसलेला होता. मला आणायला आत कोण उतरलं हुतं मामा, असं त्यानं विचारलं. कुणीच न्हाई, नाथाजी म्हणाला, तू बांदलेला हुतास. धुळाला ते पटेना. कुणीतरी काखेत हात घालून उचललं, असं त्याला पक्कं आठवत होतं. ते पट्टे हुते, नाथाजीनं सांगितलं.

पुढच्या रविवारी बिरा हरिपूरला आला. विचारत विचारत घर शोधलं होतं. बरोबर आईनं दिलेलं काळं घोंगडं होतं, घरच्या लोकरीचं. नाथाजी अंगणात म्हशीला पाणी दाखवत होता, रंगूवहिनी आपल्या दारात ज्वारी पाखडत बसली होती. शालननं चहा टाकला. बिरा आधी लाजत होता, मग बोलायला लागला तसा थांबेना. त्यानं सगळं सांगितलं, पंखा बंद पडल्यापासून. त्याचं बोलणं जास्त वहिनीकडेच होतं, कारण ती सूप थांबवून ऐकत होती.

"मी पाय टाकला हुता आत," बिरा म्हणाला. "मामानं पट्ट्याला धरून वडलं मला. तवा लय राग आला. मारावं वाटलं मामाला. उतरलो असतो तर आमी दोघं बी तितंच ऱ्हायलो असतो, आये एकटी पडली असती."

तो आणखी थोडा वेळ बसला. जाताना नाथाजीला म्हणाला की टाकीवर वर थांबायचं काम मला शिकवा. नाथाजीनं सोमवारी मॅडमकडं ये म्हणून सांगितलं. बिरा दोघींच्या पाया पडला आणि बसच्या वेळेला निघून गेला. शालन कपबशा घेऊन आत गेली.

अंगणात वहिनी आणि नाथाजी राहिले. वहिनीनं सूप मांडीवर घेतलं, पण हलवलं नाही.

"भावजी," ती म्हणाली. "त्या दिवशी तुमी बी पाय टाकला हुता."

नाथाजी ओट्याच्या कडेला बसला. कोणता दिवस, असं त्यानं विचारलं नाही.

"तुमाला कुनी सांगितलं?"

"कुनी सांगाय कशाला पायजे. तुमी घरी आला तवा तुमचा एकच पाय पिवळा हुता, गुडघ्यापत्तोर. पेवाच्या कडंची हळद. घरात सगळी रडत हुती आनि मी त्या पायाकडं बघत बसले हुते."

म्हशीनं बादलीतून तोंड वर काढलं. नाथाजीनं हातातली दोरी खाली ठेवली.

"काढला मी त्यो," तो म्हणाला. "दादाचं तोंड बघितलं आनि काढला. घाबरलो, वैनी."

"म्हाईत हाय मला. काढला त्येचाच राग हुता." ती सरळ त्याच्याकडे बघून बोलत होती. "लय वर्सं हुता. तुमच्या ताटात वाढताना बी हुता. मग पोरगी शाळंला जायला लागली. तुमी तिला सायकलवर म्होरं बसवून न्ह्यायचा, ऊन लागतंय म्हनून तिच्या डोस्क्यावर टॉवेल टाकायचा. तवा कदी तरी त्यो गेला. कवा गेला त्ये आठवत न्हाई."

नाथाजीनं खाली ठेवलेली दोरी पुन्हा हातात घेतली.

"तुमाला सांगायचं ऱ्हाऊन गेलं," वहिनी म्हणाली.

आतून शालननं हाक मारून विचारलं की भाकरी आता टाकू का. वहिनीनंच होय म्हणून सांगितलं, तिघांच्या टाक. मग तिनं सूप उचललं आणि ज्वारी पुन्हा पाखडायला घेतली. वारा नाथाजीच्या दिशेनं वाहत होता. उडणारा कोंडा त्याच्या सदऱ्यावर, केसांवर येऊन बसत होता. एरवी तो उठून पलीकडे सरकला असता. तो तिथंच बसून राहिला, सूप रिकामं होईपर्यंत.